गौरीच्या पेटीचा खटला

गजेंद्रराव कोर्टातून घरी आले की दारात आधी बूट काढत आणि पाठोपाठ एकेकाची अक्कल. सरकारी वकील गाढव, फिर्यादी गाढव, साक्षीदार शिकवलेलं गाढव आणि स्वतःचा अशील न शिकवलेलं. मॅजिस्ट्रेटना मात्र ते निवृत्त होईस्तोवर काही म्हणत नसत. सरोजा पितळी पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत ओतत हे सगळं ऐकून घेई. रोजची आरती पाठ झाली की माणूस टाळ्या वाजवतो आणि मनात भाजीचा विचार करतो, तसं तिचं झालं होतं.

माणूस वाईट नव्हता. तंजावरचा जन्म, मद्रासला कायदा शिकलेला. एकाहत्तर साली हायकोर्टाजवळच्या एका बड्या वकिलाच्या हाताखाली लागला. तिथे सगळे अशील कंपन्या. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात यंत्राखाली बोटं गेलेल्या कामगाराचा खटला आला, आणि तो कामगार त्या दिवशी कामावर नव्हताच हे शाबित करायचं काम गजेंद्ररावांकडे. त्यांनी ते चोख शाबित केलं. बड्या वकिलानं पाठ थोपटली. त्या संध्याकाळी घरी येऊन ते ओटीवर बसले आणि म्हणाले, "गाढव." सरोजानं विचारलं, कोण? तर म्हणाले, "मी." स्वतःला गाढव म्हणण्याची ती पहिली वेळ. पुढच्या महिन्यात त्यांनी ती कचेरी सोडली आणि मैलापूरला तळ्यामागच्या गल्लीत राहत्या घराच्या पुढल्या खोलीत टेबल मांडलं.

तेव्हापासून ओटीवर गर्दी असे ती फुलवाल्या बायकांची, ऑटोवाल्यांची, लग्नाचे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांची. सैदापेटच्या कोर्टात त्यांचा काळा कोट उन्हानं हिरवट झाला, पण त्यांची उलटतपासणी ऐकायला दुसऱ्या खोल्यांतले वकील येऊन उभे राहत. त्यांची एक रीत होती. अशिलाला ते तीन वेगळ्या दिवशी बोलवत आणि तीनदा तीच हकीकत सांगायला लावत. "खोटं तिन्ही वेळा सारखं येतं," ते म्हणत, "खरं दर वेळी नव्या जागी अडखळतं." हकीकत लिहून घेताना हातात लाल पेन्सिल असे. जे खटल्याच्या कामाचं नाही त्याच्यापुढे समासात एकच शब्द लिहीत: पुराण. मग अशिलाला म्हणत, "पुढे चल." अर्ध्या मद्रासचं दुःख त्या एका शब्दाखाली निजलेलं होतं असं सरोजाला कधीकधी वाटे, पण कायदा ती शिकली नव्हती. तिची बी.ए. इतिहासातली.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर फुलवाल्या बाईनं ओटीवर वर्दी आणली. कामाक्षीला पोलिसांनी नेलं. कामाक्षी म्हणजे संताजीरावांच्या घरी बारा वर्षं झाडलोट करणारी. आणि संताजीराव म्हणजे सरोजाच्या अन्नपूर्णा मावशीचे चिरंजीव.

गजेंद्रराव जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "तुझ्या मावसभावानं फिर्याद दिलीय. पुतळ्यांची माळ चोरली म्हणून. त्या बाईचं वकीलपत्र घेऊ?"

"घेऊ का म्हणून विचारताय, की घेतलं म्हणून सांगताय?"

"घेतलं."

"मग ताक वाढते."

संताजीरावांबद्दल दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत, कारण ते स्वतः दोनशे सांगत. विमा कंपनीत मोठे साहेब, मराठी मंडळाचे खजिनदार, आणि कोणत्याही वाक्याची सुरुवात 'आमच्या घराण्यात'नं करणारे. त्यांच्या घराण्यात म्हणे कोणी तंजावरच्या राजवाड्यात जवाहिरखान्यावर होतं, आणि ही पुतळ्यांची माळ थेट राणीच्या गळ्यातली. सरोजाला मावशीनं एकदा सांगितलं होतं की त्यातल्या निम्म्या पुतळ्या सासऱ्यांनी सौकारपेठेतून घेतल्या आणि उरलेल्या निम्म्या हप्त्यानं. पण राणीला हप्ते शोभत नाहीत, म्हणून ती हकीकत स्वयंपाकघरातच राहिली.

जामिनाचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी संताजीराव झोपाळ्यावर येऊन बसले. पाय लांब केले. सरोजानं दिलेल्या कॉफीकडे बघून म्हणाले, "डिग्री कॉफी नाही का? पाणी न घातलेल्या दुधाची?" मग भाऊजींकडे वळले.

"गजेंद्र, हे काय चालवलंयस? घरचा माणूस चोराच्या बाजूनं?"

"चोर कोण ते कोर्ट ठरवील."

"कोर्ट कशाला? आमच्या घराण्यात नोकरांची नजर ओळखता येते. पोलीस येणार म्हटल्यावर ती बाई रडायला लागली. निर्दोष माणूस रडतो का?"

"निर्दोष माणूस काय करतो? नाचतो?"

"तू असाच बोल. म्हणून तर आज ओटीवर फुलवाल्या बसल्यात. मोठ्या वकिलाकडे राहिला असतास तर..."

"तर आज तुमचं वकीलपत्र माझ्याकडे असतं," गजेंद्रराव म्हणाले. "देवानं वाचवलं."

संताजीराव उठले. दारात थांबून सरोजाला म्हणाले, "सरोजा, तू तरी आईला तोंड कसं दाखवणार?" सरोजा म्हणाली, "समोरून दाखवीन, दादा." ते गेल्यावर तिनं झोपाळ्यावरची गादी उन्हात टाकली.

बावीस दिवसांनी कामाक्षी जामिनावर सुटली आणि ओटीवर आली. चाळिशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. बारा वर्षांत तिला मराठी नीट समजू लागलं होतं, बोलायची मात्र तमिळच. गजेंद्ररावांनी लाल पेन्सिल हातात घेतली. दाराआड सरोजा तांदूळ निवडत होती.

"सांग. माळ शेवटची कधी पाहिलीस?"

"सार, गौरीच्या दिवशी देवीच्या अंगावर. दर वर्षी घालतात. मग विसर्जनाच्या दिवशी सोवळ्यात काढतात, मी उंबऱ्याबाहेर असते, त्या दिवशी करंट गेलेला, मोठ्या आई एकट्याच..."

"सणाचं पुराण नको. दिवाळीचं सांग. कपाटाची किल्ली कुठे असते?"

कामाक्षीनं किल्लीचं सांगितलं. दिवाळीत सुनेनं माळ मागितली, कपाटात नव्हती. घरभर शोधलं. पोलीस आले. तिची झोपडी उकरली, मडकी फोडली, काही मिळालं नाही. संताजीरावांच्या घरीही कपाटं उघडली. देवघरातल्या माळ्यावरची गौरीची पेटी तेवढी नाही, कारण मोठ्या आईंनी, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, "सोवळ्यातली आहे" म्हटल्यावर अंमलदारानं टोपी काढून नमस्कार केला होता. आणि मग सकाळी दहा वाजता, बाजाराच्या वेळेला, तिला गल्लीतून चालवत नेलं. भाजीवाला, दूधवाला, ज्या चार घरी ती भांडी घासायची तिथल्या बायका, सगळे दारात.

गजेंद्ररावांनी कागद मिटला. "काही घाबरू नकोस. ह्यांच्याकडे पुरावा म्हणजे शून्य. संशयाचा फायदा मिळून सुटशील."

"म्हणजे काय, सार?"

"म्हणजे कोर्ट म्हणेल, हिनंच चोरली असं नक्की सांगता येत नाही, तेव्हा सोडा."

कामाक्षी म्हणाली, "नक्की सांगता येत नाही, एवढं तर गल्लीसुद्धा म्हणते. म्हणूनच कोणी कामावर घेत नाही. मला तो फायदा नको, सार. माळ सापडली पाहिजे."

"अगं, माळ शोधणं माझं काम नव्हे."

"मग कोणाचं?"

ह्या प्रश्नाला सैदापेटच्या कोर्टात हरकत घेता आली असती. घरात घेता येईना. गजेंद्रराव आत आले आणि म्हणाले, "गाढव आहे. सुटतेय तर म्हणते सुटायचं नाही."

सरोजानं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि कामाक्षीला मागल्या दारानं स्वयंपाकघरात बोलावलं. कॉफी दिली. आणि जे पुराण बाहेर तुटलं होतं त्याबद्दल म्हणाली, "आता सांग."

त्या घरची रीत सरोजाला लहानपणापासून ठाऊक. पितळी मुखवट्याची गौर, लाकडी धडावर बसवायची, नऊवारी रेशमी नेसवायची, अंगावर घरातलं सगळं सोनं. तिसऱ्या दिवशी हलवायची. दागिने काढून एकेक करून पितळी ताटात ठेवायचे, साडीची घडी घालायची, मुखवटा मऊ कापडात गुंडाळायचा. दागिने कपाटात, बाकी सगळं पेटीत. मग कुलूप. पुढल्या भाद्रपदापर्यंत ती पेटी उघडायची नाही, गौर सासरी गेलेली असते.

"मी उंबऱ्याशी ताट धुवायला थांबते, अम्मा," कामाक्षी म्हणाली. "दर वर्षी पुतळ्यांची माळ ताटात पडली की खळ्ळकन आवाज येतो. त्या दिवशी आला नाही."

"अंधारात तुला दिसलं नसेल."

"दिसलं नाहीच. देवघराला खिडकी कुठाय? पण ऐकू तर येतं. बांगड्या वाजल्या, माळ नाही वाजली. राहुकाळ लागत होता, मोठ्या आई घाई घाई करत होत्या. सूनबाई त्या दिवसांत कडेला बसलेल्या. झटकन कुलूप घातलं."

सरोजा उठून उभी राहिली. "कडेला? मग साडीचं दुसरं टोक कोणी धरलं?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नऊवारी रेशमी साडीची घडी एकट्या माणसाला, तेही मोतीबिंदू झालेल्या सत्तर वर्षांच्या बाईला, अंधाऱ्या खोलीत घालता येत नाही. हे जगातल्या कोणत्याही बाईला कळतं. कायद्याच्या पुस्तकात नाही.

रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला सांगितलं. ते हसले. "न आलेला आवाज! मॅजिस्ट्रेट मला विचारतील, न आलेल्या आवाजाला साक्षीला बोलवता का? बायकांचं हे..." आणि मग घास हातातच राहिला. "थांब. घडी एकटीला घालता येत नाही?"

"उद्या घालून बघा. माझी लग्नातली देते."

त्यांनी खरोखरच घालून पाहिली. पाच मिनिटं साडीशी झटापट करून ते पलंगावर बसले, अंगावर जरीचा ढीग. "म्हणजे तिनं साडी न काढताच गौर पेटीत ठेवली," ते म्हणाले. "माळेसकट."

"हो. आणि मावशीला वाटतंय की काढली, कारण चाळीस वर्षं काढतेय."

"मग पेटी उघडा म्हणावं!"

ते इतकं सोपं असतं तर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरोजा मावशीकडे गेली. दिवाणखान्यात मंडळाच्या बायका तिळगूळ खात कामाक्षीच्या हातांबद्दल बोलत होत्या. एकीचं म्हणणं, तिची बोटंच चोराची. ह्याच बाईची मुलगी बाळंत झाली तेव्हा त्याच बोटांनी सव्वा महिना तेल चोळलं होतं. सरोजानं मावशीला आत नेलं आणि हळूच म्हणाली, पेटी एकदा उघडून बघू या. मावशीनं कानांवर हात ठेवले. "भाद्रपदाआधी? अय्यो, मुली! माझ्या सासूच्या सासूनं उघडली नाहीं. मीं माळ काढलीं. दर वर्षीं मींच काढतें." ती खोटं बोलत नव्हती, तिच्या हातांना चाळीस वर्षांचं आठवत होतं, त्यात एक वर्ष कुठे वेगळं निघणार?

दारात संताजीराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत, आणि जो माणूस सगळ्यावर बोलतो तो गप्प बसला की सरोजाला कळे. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "दादाला कळलंय. भाद्रपदात पेटी उघडली आणि माळ निघाली, तर ती गुपचूप बँकेच्या लॉकरात जाईल. आणि कामाक्षी जन्मभर संशयाचा फायदा खात बसेल."

म्हणजे पेटी कुलपात होती तोवरच आशा होती, आणि उघडेल ती चारचौघांसमोरच उघडायला हवी होती. गजेंद्ररावांनी आयुष्यात तारखा पुढे ढकलण्याबद्दल दुसऱ्या वकिलांना शिव्या घातल्या होत्या. आता ते तारीख अलीकडे ओढायला धडपडू लागले. सरकारी वकील दोनदा आजारी पडले, एकदा संप झाला. श्रावण लागला तेव्हा कुठे अन्नपूर्णाबाईंची साक्ष आली.

म्हातारीबरोबर कोर्टात कोणी तरी बाई हवी. सूनबाईंना ताप आला, त्या घरात ताप वेळेवर येत असे. सरोजा गेली. इतक्या वर्षांत नवऱ्याला कोर्टात उभ्यानं बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. घरी खांदे पाडून बसणारा माणूस तिथे दोन बोटं उंच होता. म्हातारीला खुर्ची देववली. सगळं तमिळमध्ये चाललं होतं.

"अम्मा, माळ शेवटची कधी पाहिलीत?"

मावशीला आधी त्या 'अम्मा'चाच राग आला. "घरी मावशी म्हणतोस आणि इथं अम्मा?" मॅजिस्ट्रेट हसले. "गौरीच्या अंगावरून काढली तेव्हा."

"कुठल्या वर्षी?"

"दर वर्षी!"

"मी गेल्या वर्षाचं विचारतो. करंट होता?"

"नव्हता."

"समई?"

"गौर हलवली की समई शांत करतात."

"राहुकाळ केव्हा लागत होता?"

"साडेचारला. मी त्याच्या आत कुलूप घातलं. माझ्या हातून राहुकाळ कधी चुकला नाही."

सरकारी वकील उठले. "महाराज, चोरीचा खटला आहे की पंचांगाचा?"

"बसा," गजेंद्रराव म्हणाले. "तुमच्या घरी नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्या कोण बांधून ठेवतं? तुम्ही?"

"मी कशाला?"

"म्हणूनच बसा." मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी म्हातारीला विचारलं, "अम्मा, गौरीची नऊवारी. घडी घालताना दुसरं टोक दर वर्षी कोण धरतं?"

"सून."

"गेल्या वर्षी सून शिवत नव्हती. कोणी धरलं?"

मावशीचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले, हवेत पसरले, जणू समोर साडीचं टोक धरलेलं माणूस शोधत होते. तिथे कोणी नव्हतं. सरोजानं मान खाली घातली. इतकं उघडं करून म्हातारीला पाहायचा तिला अधिकार नव्हता.

"घडी... घडी झालीं नाहीं," मावशी मराठीत पुटपुटली, मग तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाली, "घडी झाली नाही. गौर तशीच ठेवली. नेसलेली."

"आणि माळ?"

संताजीराव मागून उठले. "आईचं वय झालंय! हा धर्माचा विषय आहे, आमच्या घराण्यात..."

"गप बस, संताजी," मावशी मराठीत कडाडली. मॅजिस्ट्रेटना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी ती किल्ली कोणाला दिलेली नाही. पेटी उघडलेली नाही. पण भाद्रपदापर्यंत थांबा. तेवढं माझं ऐका."

गजेंद्ररावांनी ते आधीच लिहून आणलं होतं. पेटीला कोर्टाचं सील लागावं. गौर आणायच्या दिवशी, त्यांच्याच मुहूर्तावर, त्यांच्याच हातानं, कोर्टानं नेमलेल्या वकीलबाईंसमोर उघडावी. मॅजिस्ट्रेटनी सही केली. त्यांच्या बायकोनंही घरी गोलूच्या ट्रंकेला कधी हात लावू दिला नसणार.

त्याच संध्याकाळी संताजीराव पुन्हा झोपाळ्यावर. ह्या वेळी पाय आखडलेले. फिर्याद मागे घेतो म्हणाले. कामाक्षीला साडीचोळी देतो म्हणाले. "मंडळात वाच्यता नको. घराण्याचं..."

ओटीवर कामाक्षी बसलेली होती. गजेंद्ररावांनी तिच्याकडे बघितलं, सरोजानं नवऱ्याकडे. अशिलाला काय हवं ते विचारण्याची त्यांची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं. कामाक्षी म्हणाली, "साडी नको. पेटी उघडू दे."

भाद्रपदातल्या त्या दुपारी देवघराच्या दारात गर्दी मावेना. मंडळाच्या बायका रेशमी नेसून आल्या होत्या. कोणी दर्शनाला आलो म्हटलं, कोणी मदतीला. माळ बघायला आलेली एकही नव्हती. तरुण वकीलबाई ओलेत्यानं आल्या नसल्यामुळे उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, वही घेऊन. त्यांच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी, कामाक्षी.

सील तुटलं. कुलूप निघालं. मावशीनं आत हात घातला आणि गौर उचलली: गेल्या वर्षीची जांभळी साडी, निऱ्यांसकट, मुखवट्याखाली सुकून पापुद्रा झालेली शेवंतीची वेणी. मावशीनं पदर बाजूला केला. मग माळ काढली आणि ताटात ठेवली. तिला हळूच ठेवायची होती, पण ती बोटांतून निसटली.

खळ्ळ.

"हाच आवाज," कामाक्षी म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली नाही. वकीलबाईंनी ते लिहून घेतलं.

आणि लगेच संताजीरावांनी दोन्ही हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "देवीनं परत दिली! गौर सासरी घेऊन गेली होती, वर्षानं परत घेऊन आली! आमच्या घराण्यात असे चमत्कार..." आणि खरं सांगायचं तर निम्म्या बायकांनी हात जोडलेसुद्धा. एकीनं नारळ फोडायला सुचवलं. जिला वर्षभर चोर म्हटलं ती दोन हातांच्या अंतरावर उभी, तिच्याकडे बघायचं टाळण्यासाठी देवाकडे बघणं हा सगळ्यात सोवळा मार्ग. सरोजानं ह्या लोकांच्या घरी आयुष्यभर पंगती वाढल्या होत्या. त्या दिवशी तिला वाटलं, त्यापेक्षा कामाक्षीसारखी उंबऱ्याबाहेर ताटं धुतली असती तर बरं झालं असतं.

फक्त मावशी हलली. गौर तशीच पाटावर ठेवून, मुहूर्त जात असताना, ती म्हातारी उंबऱ्याबाहेर आली, सोवळ्यानं कामाक्षीला शिवली, आणि तिचा हात धरून बाहेरच्या दरवाजातून गल्लीत उतरली. कोपऱ्यापर्यंत गेली. भाजीवाल्याला म्हणाली, दूधवाल्याला म्हणाली, एकेका दाराशी थांबून तमिळमध्ये म्हणाली, "माळ माझ्या पेटीत होती. मी विसरले. हिनं घेतली नव्हती." आवाज चिरका होता, पण शेवटच्या घरापर्यंत पोचला. मागून संताजीराव, "आई, लोक बघतायत!" म्हणत. त्यांनी बघावं म्हणूनच तर ती गेली होती.

कोर्टानं निकालात संशयाचा फायदा दिला नाही. लिहिलं, चोरी घडलीच नाही. संताजीरावांनी कामावर परत ये म्हणून निरोप पाठवला. कामाक्षीनं उलट निरोप दिला, "पेटीवर लक्ष ठेवायला माणूस हवं असेल तर पोलीस ठेवा." पुढे तिनं तळ्याच्या कोपऱ्यावर इडलीचा गाडा टाकला. मंडळाच्या बायका नोकरांना पाठवून तिथली चटणी मागवत. स्वतः जात नसत.

आणि गजेंद्रराव? त्यांचं नाव झालं. ओटी अपुरी पडू लागली. दर वर्षी मंडळाच्या गणपतीत त्यांना ही गोष्ट सांगायला लावत, आणि दर वर्षी ती सुधारत गेली. आधी 'माझ्या पत्नीनं एक शंका काढली' होतं. मग 'घरात चर्चा झाली'. नव्वद सालापर्यंत 'मी कागद बघताक्षणीच ओळखलं की साडीची घडी हाच कळीचा मुद्दा'. टाळ्या पडत. पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला संताजीराव असत; गोष्ट त्यांच्या घराण्याची होती ना! सरोजा तिसऱ्या रांगेत बसून भाजीचा विचार करी. खोटं तिन्ही वेळा सारखं येतं म्हणणाऱ्या माणसाचं खोटं दर वर्षी नवं येत होतं, एवढाच काय तो कायद्यात बदल.

त्र्याण्णव साली सरस्वतीपूजनासाठी पुस्तकं रचताना जुन्या खटल्यांच्या एका गठ्ठ्याची फीत सुटली. रविकांत नावाचा नवा ज्युनियर समोर बसला होता आणि गजेंद्रराव त्याला तीच गोष्ट सांगत होते: "पहिल्याच दिवशी, ती बाई बोलत असतानाच, माझ्या लक्षात..." सरोजानं कॉफीबरोबर एक पिवळा कागद टेबलावर ठेवला आणि चटणी वाटायला आत गेली.

पहिल्या दिवसाची हकीकत होती, त्यांच्याच अक्षरात. 'विसर्जनाच्या दिवशी करंट गेलेला. मोठ्या आई एकट्याच' इथे वाक्य तुटलेलं. समासात लाल पेन्सिलीनं, ठसठशीत: पुराण.

बाहेर बोलणं थांबलं. मग रविकांतचा आवाज, "सर, पुढे?"

"गाढव," गजेंद्रराव म्हणाले.

"कोण, सर? सरकारी वकील?"

सरोजानं वरवंटा थांबवून कान दिला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि स्वयंपाकघराच्या दारात ते येऊन उभे राहिले, हातात तो कागद.

"तिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच पुढे चल म्हटलं. सगळं वर्ष, सरोजा. सगळं वर्ष पेटीत राहिलं."

"मला माहितेय," सरोजा म्हणाली. "बाहेर त्या मुलाला सांगा."